न्यूमेरिकल मेथड्स आणि प्रोग्रामिंग: परीक्षा संपल्यावर कळलेला विषय

मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला न्यूमेरिकल मेथड्स, म्हणजे समीकरणांची जवळपासची उत्तरं आकडेमोड करत कॉम्प्युटरवर काढायच्या पद्धती, हा विषय होता. पेपर देऊन बरेच महिने झाले. आता फायनल इयरचं प्रोजेक्ट चालू आहे आणि त्यात आठवड्यातून एकदा तरी हा विषय उघडावा लागतो. पेपर झाल्या झाल्या लिहिलं असतं तर मत वेगळं झालं असतं, म्हणून मुद्दाम थांबले. ज्यांना हा विषय पुढच्या सेमला आहे किंवा इलेक्टिव्ह म्हणून घ्यायचा की नाही ते ठरत नाहीये, त्यांच्यासाठी लिहितेय.

सिलॅबस सगळीकडे साधारण सारखाच असतो. समीकरणाची मुळं काढायला बायसेक्शन आणि न्यूटन-रॅफसन, एकसामयिक समीकरणांना गॉस एलिमिनेशन आणि गॉस-सायडेल, मग कर्व्ह फिटिंग, इंटरपोलेशन, सिम्पसनचे नियम, शेवटी डिफरन्शियल समीकरणांसाठी ऑयलर आणि रुंगे-कुट्टा. नावं ऐकून दडपण येतं, पण यातली बहुतेक पद्धत वीस-पंचवीस ओळींच्या कोडात बसते. एम-थ्री (इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर) सुटलेल्या कुणालाही गणित जड जाणार नाही.

या विषयाचा खरा जीव पहिल्या युनिटमध्ये आहे, एरर्समध्ये, म्हणजे आकडेमोडीत शिरणाऱ्या चुकांमध्ये. दोन-चार मार्कांचं युनिट म्हणून बहुतेक जण ते सोडतात. आमच्या मॅडमनी मात्र तिथे भरपूर वेळ दिला आणि त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी राहीन. पायथॉनमध्ये ०.१ + ०.२ लिहा. उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. कारण ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत कधी संपतच नाही, कुठेतरी कापावीच लागते. एवढ्याशा फरकानं काय बिघडतं, असं वर्गात कुणीतरी विचारलं. तेव्हा मॅडमनी १९९१ च्या आखाती युद्धातलं पेट्रियट क्षेपणास्त्राचं, म्हणजे शत्रूची क्षेपणास्त्रं हवेतच पाडणाऱ्या अमेरिकी यंत्रणेचं, उदाहरण फळ्यावर सोडवलं. त्या यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दशांशात मोजायचं आणि ०.१ ही किंमत २४ बिटांत कापलेली होती. प्रत्येक मोजणीला चूक साधारण ०.०००००००९५ सेकंदाची. यंत्रणा सलग १०० तास चालू, म्हणजे ३६ लाख मोजण्या. गुणाकार केला की येतात ०.३४ सेकंद. तेवढ्या वेळात इराकचं स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं, त्यामुळे पेट्रियटनं ते चुकीच्या जागी शोधलं. सौदी अरेबियातल्या दाहरानच्या तळावर त्या दिवशी २८ सैनिक मेले. गुणाकाराची ती एक ओळ फळ्यावर पूर्ण झाली तेव्हा वर्ग चिडीचूप होता. त्यानंतर ‘टॉलरन्स (चालवून घ्यायची चूक) किती घ्यायचा?’ हा प्रश्न मला कधी फुटकळ वाटला नाही.

दुसरी गोष्ट पिव्होटिंगची. पुस्तकात तो ‘मोठा सहगुणक वर आणा’ एवढाच नियम असतो आणि आपण घोकून टाकतो. एकदा स्वतः करून बघा. पहिलं समीकरण १०⁻²⁰x + y = १, दुसरं x + y = २. डोळ्यांनीच कळतं की x आणि y दोन्ही जवळजवळ १ आहेत. पिव्होटिंगशिवाय गॉस एलिमिनेशनचा कोड चालवला की y = १ येतो आणि x चक्क शून्य. कोड बरोबर, सूत्र बरोबर, एरर मेसेज नाही, तरी उत्तर साफ चूक. दोन ओळींची अदलाबदल केली की तोच कोड बरोबर उत्तर देतो. हे प्रॅक्टिकलच्या यादीत नव्हतं, पण माझ्या मते ते पहिलं प्रॅक्टिकल असायला हवं.

आता तक्रार. परीक्षा या विषयाच्या आत्म्यावरच घाव घालते. पेपरात न्यूटन-रॅफसनची चार-पाच इटरेशन्स (फेऱ्या) कॅल्सीवर करून तक्ता भरायचा, चार दशांश स्थळांपर्यंत. फ्लोचार्टला वेगळे मार्क. प्रॅक्टिकलला जर्नलमध्ये कोडच्या प्रिंट चिकटवायच्या आणि सबमिशनच्या आठवड्यात एकच कोड अख्ख्या बॅचमध्ये फिरतो. उत्तर किती विश्वासार्ह आहे, कुठे थांबायचं आणि का, हे व्हायवालासुद्धा क्वचित विचारलं जातं. मार्कांसाठी सल्ला हवा असेल तर हा घ्या: कॅल्सी रेडियन मोडवर ठेवा, आणि Ans चं बटण वापरून इटरेशन करायला शिका. सूत्र एकदा टाकलं की नुसतं ‘बरोबर’ दाबत जायचं. पेपरात बराच वेळ वाचतो.

प्रोजेक्टमध्ये मात्र विषयानं पुरेपूर साथ दिली. आमचं पाइपिंगमधल्या प्रेशर ड्रॉपचं काम आहे, त्यात कोलब्रुकचं समीकरण येतं. पाइपमधलं घर्षण सांगणारा फ्रिक्शन फॅक्टर f डावीकडेही आणि उजवीकडे लॉगच्या आतही, त्यामुळे सरळ सुटत नाही. f च्या किमतींच्या तयार आलेखावर, म्हणजे मूडी चार्टवर, पट्टी धरून वाचता येतं, पण शेकडो फ्लो रेटसाठी चार्ट कोण वाचणार? रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह किती खळबळीचा ते सांगणारा आकडा) १,००,००० आणि रिलेटिव्ह रफनेस (पाइपच्या व्यासाच्या मानानं आतला खडबडीतपणा) ०.०००२ धरा. अंदाज ०.०२ पासून सुरू केला की पहिल्याच फेरीत ०.०१८९ येतो, दुसरीत ०.०१९०, आणि पुढे तो हलत नाही. गाइडनी विचारलं, तीनच फेऱ्या का? मी सांगितलं, पाइपचा रफनेसच आपल्याला इतक्या बारकाईनं ठाऊक नाही, पाचव्या दशांशाला काही अर्थ नाही. हे उत्तर मला या विषयानं दिलं. सूत्र तर कुठल्याही पुस्तकात मिळतं.

ऑयलरच्या बाबतीतही तेच. थंड होणाऱ्या छोट्या भागाचं समीकरण dy/dt = −५०y (y म्हणजे भोवतालापेक्षा जास्तीचं तापमान) असं आलं आणि स्टेप, म्हणजे एका पायरीचा वेळ, ०.०५ घेतली, तर प्रत्येक पायरीला y ला −१.५ ने गुणलं जातं. थंड होणारी वस्तू ग्राफवर वरखाली उसळ्या मारत भडकते. स्टेप ०.०१ केली की गुणक ०.५ होतो आणि वक्र शहाण्यासारखा खाली उतरतो. हा ग्राफ एकदा काढून बघितला की सिम्युलेशन सॉफ्टवेअरमधला ‘टाइम स्टेप’चा रकाना डोळे झाकून भरवत नाही.

भाषेबद्दल बरेच जण विचारतात. आम्हाला सायलॅब (गणिती कामांचं सॉफ्टवेअर) आणि पायथॉन यांतलं काहीही चालत होतं. सायलॅब फुकट आहे, मॅट्रिक्सची कामं त्यात सुटसुटीत होतात, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतही ऐकता येतात. इंग्रजी लेक्चर जड जाणाऱ्या माझ्या दोन मैत्रिणींना त्याचा खूप उपयोग झाला. तरी निवड तुमच्या हातात असेल तर मी पायथॉन सुचवेन, पुढे सगळीकडे तेच लागतं. मात्र सुरुवातीला तयार फंक्शन वापरू नका. बायसेक्शन, गॉस आणि रुंगे-कुट्टा हे तिन्ही स्वतःच्या हातानं लिहा, मग खुशाल नमपाय आणि सायपाय या पायथॉनच्या तयार लायब्ररी वापरा. सायलॅबमध्ये मोजणी १ पासून आणि पायथॉनमध्ये ० पासून सुरू होते, कोड एकातून दुसऱ्यात नेताना सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो.

इलेक्टिव्ह म्हणून घ्यायचा असेल तर एक चौकशी आधी करा: प्रॅक्टिकल कोण घेतं आणि लॅबमध्ये प्रत्येकाला मशीन मिळतं का. एका मशीनवर चौघं बसणार असतील तर घरी लॅपटॉपवर, नाहीतर मोबाइलवर ऑनलाइन कंपायलर उघडून तीच प्रॅक्टिकल्स पुन्हा करायची तयारी ठेवा. आणि पहिलं युनिट ऑप्शनला टाकू नका.