अकरा महिने वापरलेला बेस आणि काळी एकमधला मेलेला सा

बेस, म्हणजे बेस गिटार, घेतला मागच्या दसऱ्याला. अकरा महिने झाले, एकोणीस सुपाऱ्या वाजवून झाल्या. लिहायचा कंटाळाच होता, पण गणपतीच्या पाचव्या दिवशी जे झालं त्यानंतर गप्प बसवेना.

आमचे मुख्य गायक साठीच्या पुढचे. पट्टी काळी एक, म्हणजे त्यांचा सा पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर. घसा बसलेला असो, अंगात ताप असो, काळी एक म्हणजे काळी एक. कीबोर्डवाल्या पोराने "दादा, आज अर्धा सूर खाली घेऊ का?" असं विचारलं, की त्याने सातबारा मागितल्यासारखं त्याच्याकडे बघतात. त्या रात्री शेवटच्या भक्तिगीताला त्यांनी वरचा सा धरला. ठरल्याप्रमाणे तबला थांबला, कीबोर्ड थांबला, खाली फक्त माझा बेस. मी ऐटीत 'जी' तारेवर, म्हणजे सगळ्यांत बारीक तारेवर, सहाव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे दांडीवरची धातूची आडवी पट्टी) घसरत गेलो, सा लावला, आणि तीन सेकंदांत तो सा विझला. तार हलत होती, आवाज नव्हता. दादा एकटेच हवेत लटकले. गाणं संपल्यावर त्यांनी मागे वळून एकच विचारलं, "लाईट गेली होती काय रे?"

स्पेक उगाळत बसत नाही, ते सगळ्यांना पाठ आहेत. गिटारी बनवणाऱ्या लिओ फेंडरने १९६० साली जॅझ बेस काढला, त्याची ही गरिबाघरची नक्कल. चार तारा, ३४ इंची स्केल, तारेचा कंप पकडणारे दोन सिंगल कॉइल पिकअप, मेपलची दांडी. ३१,५०० रुपये. गिग बॅगचे १,८०० वेगळे, कारण सोबत फुकट येते ती बॅग म्हणजे नुसतं पावसाळी जाकीट. ब्रँडचं नाव घेत नाही. या किमतीतले सगळे एकाच कुंडलीचे, आणि नाव घेतलं की चर्चा भलतीकडे जाते. पॅसिव्ह, म्हणजे बिनबॅटरीचा, घेतला तो मुद्दाम. आधीचा ॲक्टिव्ह होता. त्याच्या जॅकमध्ये पिन खुपसली की आतलं सर्किट चालू होतं, हे मला ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या वाया गेल्यावर कळलं.

पहिले दोन-तीन महिने मी खुशीत होतो. आवाज मोकळा, ऑक्टोपॅडच्या गोंगाटातसुद्धा बोट ऐकू येतं. मांडवातल्या लायटिंगमुळे सिंगल कॉइल गुणगुणतो, अशी तक्रार लोक करतात. दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम सारखे ठेवा, गुणगुण बरीचशी जाते. एका पिकअपचं वाइंडिंग दुसऱ्याच्या उलट असतं, ते त्यासाठीच. एक मात्र सांगतो, तारेला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तो बेसचा दोष नाही, मांडवाचं अर्थिंग बोंबललेलं आहे. पिन काढा आणि इलेक्ट्रिशियनला शोधा. सुपारी गेली तरी चालेल.

तर तो सा. जानेवारीत घरी रियाज करताना पहिल्यांदा लक्षात आला. मोबाईलवर स्टॉपवॉच लावून जी तारेवरचा एकेक फ्रेट मोजला. चौथा अकरा सेकंद, पाचवा दहा, सहावा तीन, सातवा सात, आठवा पुन्हा दहा. अँप बंद ठेवून मोजलं तरी तेच, म्हणजे पिकअपचा संबंध नाही. आणि सहावा फ्रेट म्हणजे सी शार्प. म्हणजे काळी एक. बेसवर एवढी घरं असताना मरायला नेमका आमच्या दादांचा सा सापडावा!

आधी तारांवर संशय घेतला. नवा सेट २,४०० रुपये, म्हणून आधी जुन्याच तारा उकळल्या. ही युक्ती खरी आहे. वळशांत बसलेला घाम आणि मळ निघतो, आवाजाला पुन्हा धार येते, पण दोन-तीन आठवडेच. दहा मिनिटं उकळा, पुसा, उन्हात पूर्ण सुकवा, नाहीतर गंज धरतो. पातेलं मात्र घरात विचारून घ्या. मी घेतलं ते दुधाचं निघालं. ते पातेलं आता गॅलरीत असतं आणि त्यात तुळशीचं पाणी साठवतात. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन तारा तुटेपर्यंत बदलत नसे म्हणतात, पण त्याच्या तारा फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट वळशांच्या, आणि तो जेमरसन. शेवटी नवा सेट घातलाच. सहावा फ्रेट तीन सेकंद.

मग अधिकृत सर्व्हिस. बेस पाठीला लावून एसटीने पुण्याला गेलो. काउंटरवरच्या मुलाने सहावा फ्रेट वाजवला, म्हणाला, "वाजतोय की." मी म्हटलं, वाजतोय, टिकत नाही. तो म्हणाला, "काका, बेस एवढा कोण ऐकतं?" तिथंच उठून यायला हवं होतं, पण एसटीचं भाडं डोळ्यांपुढे होतं. आठवड्याने बेस परत मिळाला, सोबत १,५०० रुपयांची सेटअपची पावती आणि शेरा, 'दोष आढळला नाही.' घरी येऊन वाजवतो तर पहिल्या चार फ्रेटवर खर्रर्र. ट्रस रॉड, म्हणजे दांडीच्या आतली सळई, इतका आवळला होता की दांडी सरळ होऊन मागे वाकली होती. फोन केला तर म्हणे हवामानाने झालं असेल. सांगली आणि पुण्याच्या हवामानात फेब्रुवारीत असा काय फरक पडतो ते त्यांनाच माहीत.

त्या रागात सेटअप स्वतः शिकलो. ते १,५०० रुपये त्या अर्थाने शिकवणीचे म्हणायचे. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट राहते ते बघा. मी ०.३० मिलिमीटर ठेवतो. मोजायला परदेशी साधन मागवायची गरज नाही, मोटरसायकलचे टॅपेट सेट करायचं फिलर गेज, म्हणजे पातळ पात्यांचं माप, चालतं. माझं कोपऱ्यावरच्या गॅरेजातून उसनं आणलेलं आहे, अजून परत मागितलेलं नाही. फट कमी असेल तर रॉड सैल, जास्त असेल तर आवळा. एका वेळी पाव फेरा, मग लाकडाला रात्रभर द्या. खर्रर्र पहिल्या चार-पाच फ्रेटवर असेल तर दांडी फार सरळ आहे. वरच्या फ्रेटवर असेल तर आधी सॅडलची, म्हणजे ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याची, उंची बघा. बाराव्या फ्रेटवर तारेखाली साधारण दोन-सव्वादोन मिलिमीटर मला मानवतात. इंटोनेशन, म्हणजे दांडीभर सूर खरा लागणं, सर्वांत शेवटी. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथंच दाबून वाजवलेला सूर एकच आला पाहिजे. दाबलेला चढा लागला तर सॅडल मागे सरकवा. आपल्याकडे ब्रिजला घोडी म्हणतात आणि सॅडल म्हणजे खोगीर, त्यामुळे हे मला पटकन कळलं.

एप्रिलमध्ये दुसरंच. लाकूड सुकून आत गेलं आणि फ्रेटची टोकं बाहेर आली. डावा तळवा दांडीवरून सरकवला की मांजराने ओरबाडल्यासारखं. बारीक कानशीने टोकं मारली, आजूबाजूला मास्किंग टेप लावून. फ्रेटबोर्ड कोरडा पडला होता म्हणून त्याला जवसाचं तेल, बॅटला लावतो तेच, दोन थेंब फडक्यावर घेऊन लगेच पुसून काढलं. फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाच्या तेलाचं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. वाळत घालून मग फेका.

फ्रेटबोर्डचं एक सांगायलाच हवं. कागदावर लिहिलं होतं 'इंडियन लॉरेल'. मला वाटलं काहीतरी विलायती भानगड असणार. शोधलं तर निघाला आपला ऐन! राधानगरीकडे आजोळच्या घराचे वासे ऐनाचे होते. मगरीच्या पाठीसारखी साल असते ना, तोच. २०१७ च्या जानेवारीपासून शिसवाच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याची कटकट आली, तेव्हा गिटारवाले दुसरी लाकडं शोधू लागले. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण तोवर ऐन स्वस्त गिटारांत रुळला होता. माझ्या बेसचा ऐन कुठल्या रानातला देव जाणे. पण आजोबा ज्याखाली झोपले त्या लाकडावर मी बोटं नाचवतो, या एका गोष्टीसाठी त्या काउंटरवरच्या मुलालाही थोडी माफी. थोडीच.

जून-जुलैत पाऊस लागला, दांडी पुढे वाकली, तारा उंच झाल्या. पाव फेरा आवळला, काम झालं. या सगळ्या काळात मी सहाव्या फ्रेटला शिताफीने चुकवत होतो. तोच सूर डी तारेवर अकराव्या फ्रेटला मिळतो आणि तिथं चांगला टिकतो. खालच्या सप्तकात ए तारेवर चौथ्या फ्रेटला आहेच. शहाण्या माणसाचा विषय इथं संपला असता. पण अंगवळणी पडलेली घसरगुंडी ऐन वेळी कुठे थांबते? पाचव्या दिवशी थांबली नाही.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि खाली 'घेऊ नका' असं ठोकायचं होतं. मध्ये मिरजेला जाणं झालं, म्हणून आधीचा शेवट खोडतोय.

मिरज आमच्या शेजारी. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याला जवारी काढणारे, म्हणजे घोडी घासून त्याचा सूर खुलवणारे, एक चाचा आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून त्यांच्याकडे फोटो काढणाऱ्यांची वर्दळ फार, म्हणून दुपारी गेलो. आधी त्यांनी बेसकडे, मी म्हैस घेऊन आल्यासारखं पाहिलं. मग मांडीवर आडवा घेतला, अंगठ्याने सहावा पडदा, म्हणजे फ्रेट, दाबून वाजवला, कान दांडीला टेकवला. पुन्हा वाजवला. मग माझ्या हातात देऊन स्वतः हेडस्टॉक, म्हणजे दांडीचं खुंट्यांचं डोकं, दोन बोटांच्या चिमटीत घट्ट धरला आणि म्हणाले, "आता वाजवा." वाजवला. सूर राहिला! त्यांनी चिमटी सोडली, सूर गेला.

"दांडी सूर खाती, साहेब," चाचा म्हणाले. "तिच्या डोक्यावर वजन ठेवा. भूक जाईल." पैसे घेतले नाहीत, चहा वर पाजला.

अकरा महिन्यांत कोणी सांगितलं नव्हतं ते त्यांनी एका चिमटीत सांगितलं. दांडीचा स्वतःचा एक कंप असतो. तारेचा सूर त्याच्याशी जुळला, की तारेची ताकद दांडी ओढून घेते आणि तार लवकर गप्प होते. बोल्ट मारलेल्या लांब लाकडी दांडीच्या बेसवर हे घर बहुधा जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटमध्येच कुठेतरी असतं, महागड्यातसुद्धा. अकराव्या फ्रेटला दांडी धडाजवळ असते, फारशी हलत नाही, म्हणून तोच सूर तिथं जगतो. नेड स्टाइनबर्गर या अमेरिकन डिझायनरने ग्रॅफाइटचा, हेडस्टॉकच नसलेला बेस काढला, त्यात ही कटकट फार कमी. पण तेवढ्या पैशात माझी मोटरसायकल येईल.

येताना हार्डवेअरच्या दुकानातून सुताराचा दोन इंची शिकंजा घेतला, सी क्लॅम्प, १४० रुपये. आत सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालून हेडस्टॉकच्या टोकाला आवळला. किराणा दुकानातल्या काट्यावर वजन २१० ग्रॅम. सहावा फ्रेट तीन सेकंदांवरून नऊवर! घरात ओरडलो. मग सवयीने बाकीचे फ्रेट मोजले. पाचवा दहावरून चारवर.

म्हणजे मेलेला सूर बरा झाला नाही, शेजारच्या घरात राहायला गेला. वजन वाढलं की दांडीचा कंप खाली उतरतो, त्यामुळे मेलेला सूर काळी एकवरून अर्धा सूर खालच्या पांढरी एकवर. पट्ट्याला आता आतून खरखरीत स्वेड चामडं लावलंय, नाहीतर डोकं जमिनीकडे झुकतं. आणि स्टेजवर प्रत्येक जण विचारतो, हे काय लावलंय.

तरी मत बदललंय. दांडी वर्षभर माझ्या हाताखाली शहाण्यासारखी वागली, व्हॉल्यूमचे पॉट खरखरत नाहीत, जॅकचा नट एकदाच सैल झाला, ट्यूनिंग सुपारीभर टिकतं. घ्या. फक्त दुकानात अँप न लावता जी तारेचा तिसरा ते नववा फ्रेट एकेक करून मोजा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. आणि तुमच्या गायकाची पट्टी आधी विचारा.

ताजी बातमी. परवा नवरात्राच्या तालमीला दादा उशिरा आले. गणपतीत दहा दिवस घसा फाडून झाला होता. बसले, गरम पाणी प्याले आणि कीबोर्डवाल्याकडे न बघता म्हणाले, "पांढरी एकमध्ये घे." कोणी काही बोललं नाही. पोराने ट्रान्सपोजचं बटण एकदा खाली दाबलं. मी हळूच हात वर नेऊन शिकंजा सोडवला आणि खिशात टाकला.