तिघांचं मंडळ की एकटा सदस्य? कॅनडातल्या अपिलांची गोष्ट

कॅनडात रोजगार विम्याचा, म्हणजे नोकरी गेल्यावर मिळणाऱ्या भत्त्याचा, दावा नाकारला गेला, तर 2013 पूर्वी अपील तीन जणांच्या स्थानिक मंडळापुढे जात असे. अध्यक्ष सरकारनियुक्त, एक सदस्य मालकांच्या बाजूचा, एक कामगारांच्या. पेन्शनच्या अपिलांसाठी वेगळं न्यायाधिकरण होतं. तेही तिघांचं, त्यात वकील असायचा आणि अपंगत्वाचा मुद्दा असला, तर आरोग्यक्षेत्रातला जाणकारही.

1 एप्रिल 2013 पासून या सगळ्यांच्या जागी एकच सामाजिक सुरक्षा न्यायाधिकरण आलं. त्याचे सदस्य केंद्र सरकार ठरावीक मुदतीसाठी नेमतं आणि साधारणपणे एकच सदस्य प्रकरण ऐकून निकाल देतो.

नव्या पद्धतीचा फायदा नाकारता येत नाही. पूर्णवेळ सदस्य कायद्यात मुरतो, निकाल एका साच्यात येतात आणि तिघांच्या तारखा जुळवण्याची कटकट उरत नाही. पण मला जुनी रचनाच जवळची वाटते. नोकरी 'स्वतःहून सोडली' की माणसाला सोडायला भाग पाडलं, हा प्रश्न नुसतं कलम वाचून सुटत नाही. कारखान्यात पाळ्या कशा लागतात, मुकादम कसा बोलतो, हे अनुभवलेला माणूस निकाल देणाऱ्यांत असला, की विचारले जाणारे प्रश्नच बदलतात. अपंगत्वाच्या पेन्शनसाठी आलेल्या पाठदुखीच्या रुग्णाचे कागद आरोग्यक्षेत्रातल्या जाणकाराने वाचले, तरी तेच.

शिवाय रोजगार विम्याच्या मंडळात मालक-कामगारांच्या संघटनांनी सुचवलेल्या नावांमुळे नेमणुकीची दोरी एकट्या सरकारच्या हातात राहत नव्हती. मुदतवाढ सरकारच देणार असेल, तर सदस्याच्या मनावर त्याचं ओझं येणं साहजिक आहे.