प्रकल्पाला स्पेन घ्यावं की सीरिया?

परकीय सत्ता दुसऱ्याच्या यादवीत का पडतात, यावर सोलापुरात राज्यशास्त्र शिकणाऱ्या भाचीला प्रकल्प करायचाय. स्पेन की सीरिया, इथं घोडं अडलंय. 'लोकशाही', 'दहशतवादविरोध' ही लेबलं आधी बाजूला ठेव गं.

हेतू बघ. स्पेनमध्ये (१९३६-३९) जर्मनीला खनिजं हवी होती, नवं हवाईदलही आजमावायचं होतं. १९३७ मध्ये त्याच विमानांच्या बाँबफेकीत गेर्निका हे स्पॅनिश गाव बेचिराख झालं. तिथल्या प्रजासत्ताक सरकारला मिळालेली सोव्हिएत मदतही फुकट नव्हती, स्पेनचं सुमारे ५१० टन सोनं मॉस्कोला गेलं! सीरियात २०१५ पासून रशियाला राष्ट्राध्यक्ष असद आणि तार्तूसचा नाविक तळ टिकवायचा होता, इराणला लेबनॉनमधल्या हिजबुल्ला या सशस्त्र संघटनेपर्यंतची वाट हवी होती, तुर्कस्तानला सीमेवरच्या कुर्द गटांची धास्ती.

मेहनत सीरियाला जास्त. २०२४ मध्ये असद पळाले तरी गुंता सुटलेला नाही.

आठवड्यात वही द्यायची असेल तर स्पेन. स्पर्धा परीक्षेलाही उपयोग हवा असेल तर सीरिया, पण मग कडक भाकरी-शेंगाचटणी घेऊनच बस.