एकवीसनंतरचा रस्ता: छोट्या शहरातील एका मॅरेथॉनचे परीक्षण

ज्या शर्यतीचे हे परीक्षण आहे तिच्यात पूर्ण मॅरेथॉन धावणारे काही शेच होते आणि अर्धमॅरेथॉन धावणारे त्यांच्या कितीतरी पट. या एका गोष्टीतून त्या शर्यतीचे बहुतेक गुण निघतात आणि बहुतेक दोषही. न्यूयॉर्क किंवा लंडनच्या मॅरेथॉनमध्ये पन्नास हजारांहून अधिक माणसे शर्यत पूर्ण करतात, त्यामुळे पाच-साडेपाच तास घेणाऱ्यालाही शेवटपर्यंत मागेपुढे माणसे दिसतात. छोट्या शहरात ही सोबत अर्ध्यावर संपते आणि तेथून पुढे धावपटू, रस्ता आणि आयोजक एवढेच उरतात. म्हणूनच अशा शर्यतीचे मूल्यमापन सुरुवातीच्या रोषणाईवरून किंवा पदकाच्या वजनावरून न करता एकविसाव्या किलोमीटरनंतर काय घडले यावरून करावे, असे माझे मत आहे. आयोजकांचे आणि शहराचे नाव मी मुद्दाम देत नाही. जे लिहिते आहे त्यातले बरेचसे या आकाराच्या कोणत्याही शर्यतीला लागू पडावे.

नोंदणी आणि बिबवाटप (छातीवर लावायच्या क्रमांकाच्या पट्टीचे वाटप) यांविषयी तक्रारीला जागा नाही. ओळखपत्र दाखवले, बिब मिळाला, टी-शर्टचा आकार बदलून मागितला तर तोही लगेच बदलून मिळाला. मोठ्या शर्यतींच्या एक्स्पोमध्ये, म्हणजे बिबवाटपाच्या प्रदर्शनात, विक्रीच्या दालनांमधून वाट काढण्यात अर्धा दिवस जातो आणि आदल्या दिवशी ज्या पायांना विश्रांती द्यायची तेच पाय दमतात. येथे तो प्रकार नव्हता. शर्यतीच्या पहाटेही सामान ठेवण्याचा काउंटर, स्वच्छतागृहे आणि प्रारंभरेषा हे सारे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर होते. महिलांसाठी वेगळी स्वच्छतागृहे होती, त्यांत पाणी होते आणि रांग पुढे सरकत होती. ज्यांनी मोठ्या शर्यतींत शर्यत सुटल्याचा बंदुकीचा आवाज रांगेत उभे राहून ऐकला आहे, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

प्रारंभाच्या वेळी आणखी एक सोय जाणवली. प्रचंड गर्दीच्या शर्यतीत इशारा झाल्यानंतर प्रारंभरेषेपर्यंत पोहोचायलाच कित्येक मिनिटे लागतात आणि त्यामुळे गन टाइम (इशाऱ्यापासून मोजलेली वेळ) व चिप टाइम (प्रारंभरेषा ओलांडल्यापासून मोजलेली वेळ) यांत मोठी तफावत पडते. येथे ती तफावत नगण्य होती. पहिल्या काही मिनिटांतच हवा तो वेग धरता आला. कोणाच्या कोपरांतून वाट काढावी लागली नाही की कोणाच्या टाचेवर पाय पडला नाही.

मार्गाच्या लांबीविषयी मात्र थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण शर्यतीनंतर सर्वाधिक कुरबुर याच मुद्द्यावर झाली आणि ती बहुतांशी चुकीची होती. अनेकांच्या घड्याळांनी ४२.१९५ किलोमीटरऐवजी साडेबेचाळीसच्या पुढचा आकडा दाखवला आणि ‘मार्ग लांब ठेवला’ असा निष्कर्ष तत्काळ काढला गेला. प्रमाणित मार्ग घड्याळावरून मोजत नाहीत. आधी पोलादी फितीने एक सरळ पट्टा मोजतात, त्या पट्ट्यावर सायकल चालवून तिच्या पुढच्या चाकाला बसवलेल्या जोन्स काउंटरचे, म्हणजे चाकाचे फेरे मोजणाऱ्या यंत्राचे, आकडे पडताळतात आणि मग त्याच सायकलने संपूर्ण मार्ग मोजतात. मोजणी धावपटूला नियमात राहून धावता येईल अशा सर्वांत जवळच्या रेषेवरून होते. वळणांवर रस्त्याच्या कडेपासून तीस सेंटीमीटर अंतर राखले जाते. त्याखेरीज मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरमागे एक मीटर, म्हणजे एकूण सुमारे बेचाळीस मीटर, जास्तीचे धरतात. ज्याने प्रत्येक वळण बाहेरून घेतले आणि पाण्याच्या टेबलासाठी वारंवार रस्ता ओलांडला, तो प्रत्यक्षातच अधिक धावलेला असतो. त्यात घड्याळाच्या उपग्रह-नोंदींतील चूक मिसळते आणि अर्धा किलोमीटर कोठून आला हे मग आयोजकांना विचारले जाते.

याचा अर्थ आयोजकांकडून चूक होतच नाही असा नाही. ग्रेटर मँचेस्टर मॅरेथॉनचा मार्ग २०१३ ते २०१५ अशी सलग तीन वर्षे ३८० मीटरने कमी भरल्याचे नंतर उघड झाले आणि हजारो धावपटूंच्या वेळा अधिकृत नोंदींतून बाद ठरल्या. २०२१ मध्ये ब्रायटन मॅरेथॉनचा मार्ग ५६८ मीटरने लांब निघाला. थोडक्यात, मोठे नाव म्हणजे बिनचूक अंतर असे समीकरण नाही, आणि छोटे नाव म्हणजे ढिसाळ मोजणी असेही नाही. या शर्यतीच्या आयोजकांनी मार्गाचे प्रमाणपत्र नोंदणीच्या वेळीच पाहण्यास उपलब्ध ठेवले होते. शिवाय मोजलेली सर्वांत जवळची रेषा प्रत्यक्ष धावता येणे हे छोट्या शर्यतीतच शक्य होते, कारण वळणाच्या आतल्या कडेला गर्दी नसते. वैयक्तिक सर्वोत्तम वेळेच्या मागे असलेल्यांनी हा मुद्दा हिशेबात धरावा.

पूर्ण आणि अर्ध अशा दोन्ही शर्यती एकाच वेळी, एकाच रेषेवरून सोडल्या गेल्या. हा निर्णय मला पटला नाही. अर्धमॅरेथॉनवाले साहजिकच अधिक वेगाने निघतात आणि त्यांच्या लोंढ्यात पूर्ण अंतर धावणारे पहिले आठ-दहा किलोमीटर आपल्या कुवतीपेक्षा जोरात जातात. शरीरात साठवलेला ग्लायकोजेन (स्नायू व यकृतातला कर्बोदकांचा साठा) साधारण दीड ते दोन हजार किलोकॅलरी इतकाच असतो, तर धावण्याचा खर्च ढोबळमानाने दर किलोमीटरला वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक किलोकॅलरी. म्हणजे साठ किलो वजनाच्या व्यक्तीला पूर्ण अंतरासाठी अडीच हजारांच्या आसपास लागतात. चरबीही जळत असते, पण वेग जितका अधिक तितका ग्लायकोजेनवरचा भार अधिक. सुरुवातीची उधळपट्टी मग तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरला वसूल होते. पाय जड होतात, पोटऱ्यांत गोळे येऊ लागतात आणि अवसान गळते. या शर्यतीत तीसचा आकडा येतो नेमका मार्गाच्या सर्वांत निर्जन भागात. शरीर आणि व्यवस्था दोन्ही एकाच ठिकाणी थकावीत असा हा योगायोग आहे, आणि तो टाळणे पूर्णपणे आयोजकांच्या हातात होते.

विसाव्या किलोमीटरनंतर अर्धमॅरेथॉनवाले मैदानाकडे वळतात. वाद्ये, टाळ्या आणि ध्वनिवर्धक त्यांच्यासोबत जातात आणि पूर्ण मॅरेथॉनवाले सरळ बाहेरच्या रस्त्याला लागतात, जेथून सुमारे अकरा किलोमीटरवर यू-टर्न आहे. फरक इतका अचानक पडतो की पावलांचा स्वतःचा आवाज ऐकू येऊ लागतो. किलोमीटरचे फलक येथपर्यंत दर किलोमीटरला होते. पुढे ते दर पाच किलोमीटरला झाले. ज्या टप्प्यात धावपटू एकेक किलोमीटर मोजून स्वतःला पुढे ढकलत असतो, त्याच टप्प्यात फलकांबाबत हात आखडता का घेतला, हे कळत नाही. साडेचार तासांचा पेसर (ठरलेल्या वेळेत पोहोचवणारा सोबती) आपला झेंडा घेऊन इमानाने निश्चित वेगाने धावत होता, पण त्याच्यासोबत कोणीही उरले नव्हते. जाऊन परत येण्याच्या मार्गाचा एक फायदा मात्र येथे झाला: समोरून येणारे धावपटू एकमेकांना हात उंचावून धीर देत होते, आणि अनोळखी माणसाच्या त्या दोन शब्दांची भरपाई कोणत्याही ध्वनिवर्धकाने झाली नसती.

पाण्याच्या व्यवस्थेत या शर्यतीचे पितळ उघडे पडले. लांब शर्यतींत साधारण दर पाच किलोमीटरला पाणी असावे हा सर्वमान्य नियम. येथे कागदावर त्याहूनही जवळजवळ टेबले होती आणि पूर्वार्धात ती खरोखर भरलेली होती. उत्तरार्धातल्या टेबलांचा साठा पूर्ण मॅरेथॉनच्या नोंदणीसंख्येवरून ठरवलेला असावा, पण हिशेबात एक गोष्ट राहून गेली: जाण्या-येण्याच्या मार्गावरचे टेबल प्रत्येक धावपटू दोनदा वापरतो, आणि ऊन चढल्यावर दुसऱ्या खेपेला तो एका पेल्यावर भागवत नाही. तेहतिसाव्या किलोमीटरच्या सुमारास मी पोहोचले तेव्हा पेले संपले होते. दोन स्वयंसेवक मोठा जार तिरका धरून धावपटूंच्या ओंजळीत पाणी ओतत होते. एक जण जार पेलत होता, दुसरी धार अडवण्यासाठी तोंडाशी हात धरून होती. ओंजळीतले निम्मे पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले, उरलेले बुटात गेले आणि पुढचे नऊ किलोमीटर ओला मोजा टाचेला घासत राहिला. त्या दोघांचा यात काहीच दोष नव्हता. जास्तीचे पेले घेऊन गाडी आली ती मी पुढे गेल्यानंतर. यालाच तहान लागल्यावर विहीर खणणे म्हणतात.

त्याहून गंभीर बाब म्हणजे पेल्यात काय आहे हे कोणी सांगत नव्हते. साधे पाणी आणि इलेक्ट्रोलाइट (क्षारयुक्त पेय) एकाच प्रकारच्या पेल्यांत शेजारी शेजारी ठेवले होते. काहींनी डोक्यावर ओतायला पेला उचलला आणि केस चिकट करून घेतले, इथपर्यंत ते हसण्यावारी नेता येईल; परंतु मॅरेथॉनमध्ये पाणी कमी पडणे जसे घातक तसे गरजेपेक्षा अधिक पिणेही घातक असते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी केली असता त्यांपैकी तेरा टक्क्यांमध्ये सोडियमचे प्रमाण सामान्य पातळीच्या खाली घसरलेले आढळले, आणि त्याचा संबंध शर्यतीदरम्यान वजन वाढण्याइतके पाणी पिण्याशी व चार तासांहून अधिक वेळ लागण्याशी असल्याचे दिसले. छोट्या शर्यतीत चार तासांपुढचेच धावपटू अधिक असतात. तेव्हा टेबलावर दोन रंगांचे पेले ठेवणे आणि ‘पाणी पुढे, इलेक्ट्रोलाइट मागे’ असे ओरडून सांगायला एक माणूस उभा करणे, एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये.

कट-ऑफ, म्हणजे शर्यत पूर्ण करण्याची वेळमर्यादा, सहा तासांचा जाहीर होता. प्रत्यक्षात पाचव्या तासापासूनच मागून एक ट्रक रस्त्यावरचे शंकू गोळा करत निघाला. त्यावर उभा असलेला माणूस वाकून एकेक शंकू उचलून दुसऱ्यावर आदळत होता, आणि तो खणखण आवाज जवळ येऊ लागला की पुढचे धावपटू मान वळवून पाहत. ट्रक पुढे गेल्यावर रस्त्याची ती बाजू वाहनांना खुली झाली आणि वेळेच्या मर्यादेत असलेली माणसे कडेच्या खडीवरून धावू लागली. या एका बाबतीत मी आयोजकांना सूट द्यायला तयार नाही. सहा तास परवडत नसतील तर साडेपाच जाहीर करावेत. पण ज्या वेळेचे आश्वासन देऊन शुल्क घेतले आहे तेवढा वेळ रस्ता राखला गेलाच पाहिजे.

याच्या अगदी उलट चित्र परतीच्या वाटेवरील मुख्य चौकात दिसले. तेथील स्वयंसेविका गळ्यात शिटी अडकवून उभी होती. शंभर-दीडशे मीटरवर एकटा धावपटू दिसला तरी ती दोन्ही बाजूंची वाहने थोपवायची, बिबवरचा क्रमांक वाचून मोठ्याने हाक मारायची आणि त्याला एका पावलाचाही खोळंबा होऊ द्यायची नाही. वाहनचालक कटकट करत होते, ती ढिम्म. सायकलवरून मार्गावर सतत फेऱ्या मारणारे वैद्यकीय पथकही चोख होते. चालत असलेल्या प्रत्येकाला ते थांबवून नाव आणि वार विचारत. उत्तर गोंधळलेले आले तर पुढे सोडत नव्हते, आणि त्यात कोणाचीही मनधरणी चालत नव्हती.

समाप्तीची व्यवस्था चांगली होती. मैदानात बहुतेक गर्दी पांगलेली असली तरी निवेदक शेवटच्या धावपटूपर्यंत नावे पुकारत राहिला आणि पदके संपली नाहीत. निकाल त्याच दिवशी लागला. टायमिंग मॅट, म्हणजे धावपटूची वेळ नोंदवणाऱ्या चटया, प्रारंभ, यू-टर्न आणि समाप्ती अशा तीनच ठिकाणी होत्या. अधेमधे मार्ग कापणाऱ्याला पकडायला यू-टर्नची मॅट पुरेशी आहे, परंतु पाच-पाच किलोमीटरचे टप्पे हवे असणाऱ्यांना आपल्याच घड्याळावर विसंबावे लागेल. एका धावपटूची यू-टर्नची नोंद सुटली होती. कळवल्यावर संध्याकाळपर्यंत ती दुरुस्त झाली. मोठ्या शर्यतींत अशा पत्राला उत्तर यायलाच आठवडे लागतात. वयोगटातील क्रमांकाबद्दल एवढेच सांगेन की जेथे गटात मोजकेच स्पर्धक असतात तेथे पहिल्या तिघांत येणे सुखद असते, मात्र आपली प्रगती वेळेवरूनच मोजावी.

चार-साडेचार तासांत अंतर पूर्ण करणाऱ्या, एकटे धावण्याची सवय असलेल्या आणि गर्दीविना मोजलेल्या रेषेवर धावू इच्छिणाऱ्या धावपटूने ही शर्यत जरूर करावी. ऊर्जा देणारे जेल आणि पाण्याची छोटी बाटली मात्र स्वतःची बाळगावी. पहिलीच पूर्ण मॅरेथॉन असेल आणि साडेपाच तासांच्या पुढे वेळ लागण्याची शक्यता असेल, तर नोंदणीपूर्वी आयोजकांना लेखी विचारून घ्यावे की पूर्ण मॅरेथॉन अर्धमॅरेथॉनच्या आधी सुटणार आहे का, शेवटच्या दहा किलोमीटरमधील पाण्याची टेबले कोणत्या वेळेपर्यंत चालू राहणार आहेत आणि शंकू उचलणारा ट्रक शेवटच्या धावपटूच्या मागे राहणार आहे की पुढे.