दोन बाय चारचा पाट की पाच फुटी फळी?

घरात मॉडेल रेल्वे मांडायची ठरली की बहुतेक जण आधी स्केल (खऱ्या गाडीच्या किती पट लहान, ते प्रमाण) निवडायला बसतात. मी म्हणेन, त्याआधी स्वतःला विचारा: गाडी धावताना बघायची आहे, की यार्डात वाघिणी (मालगाडीचे डबे) जोडायच्या-तोडायच्या, म्हणजे शंटिंग करायचं आहे?

धावताना बघायची असेल तर एन स्केल (१:१६०, दोन रुळांमधलं अंतर म्हणजे गेज ९ मि.मी.). काटो या जपानी कंपनीचं २४९ मि.मी. त्रिज्येचं वळण घेतलं तर पूर्ण फेरा ६० सें.मी. रुंदीत बसतो. म्हणजे आठ बाय चार फुटांच्या प्लायचा पाव तुकडा पुरतो आणि रात्री तो पलंगाखाली सरकवता येतो. एच.ओ.मध्ये (१:८७, गेज १६.५ मि.मी.) मार्क्लिन या जर्मन कंपनीचं नेहमीचं लहान वळणच ३६० मि.मी. त्रिज्येचं, त्यामुळे पाट ८० सें.मी.च्या पुढे जातो. शिवाय आपला आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्याचा) प्रवासी डबा एच.ओ.त साडेचोवीस सें.मी. लांब होतो. तेवढ्या वळणावर तो फार बाहेर डोकावतो. एनमध्ये तोच डबा जेमतेम तेरा सें.मी., म्हणून इंजिनामागे पाच डबे लावले तरी गाडी गाडीसारखी दिसते. रूळ, इंजिन आणि कंट्रोलर एकत्र असलेला संच घेतला तर सुरुवातही सोपी.

पण एनचं इंजिन हलकं असतं. सांध्यावरून (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागेवरून) हळू नेताना, रुळावर जरा धूळ असली तरी अडकतं. शंटिंगची सगळी मजा त्या हळू चालीतच असते, म्हणून वाघिणींचा खेळ हवा असेल तर मी एच.ओ.कडेच बोट दाखवेन.

त्यासाठी ब्रिटनच्या अ‍ॅलन राइट यांची इंग्लनूक मांडणी बघा. दोन सांधे, तीन साइडिंग (वाघिणी उभ्या करायचे बाजूचे रूळ): एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. पुढच्या तोंडाच्या रुळावर इंजिन आणि तीन वाघिणी. आठ वाघिणींच्या चिठ्ठ्या टाकायच्या, पाच उचलायच्या आणि निघाल्या त्याच क्रमाने गाडी लावायची. असे ६,७२० क्रम होतात! बॉक्स-एन ही आपली उघडी वाघीण एच.ओ.त सव्वाबारा सें.मी.ची, म्हणून पाच फूट लांब, एक फूट रुंद फळी पुरते. ती टीव्हीच्या वरही बसते.

खर्चाचं म्हणाल तर फळीला इंजिन एकच लागतं, त्यामुळे डीसीसी (एकाच मांडणीवर अनेक इंजिनं वेगवेगळी चालवायची डिजिटल यंत्रणा) नको, साधा १२ व्होल्टचा डीसी कंट्रोलर चालतो. वाघिणी दर महिन्याला एकेक घेता येतात. भारतीय गाड्यांची मॉडेल्सही मुख्यतः एच.ओ.तच मिळतात. १६.५ मि.मी. म्हणजे हिशेबाने १,४३५ मि.मी.चा गेज, आपला ब्रॉडगेज १,६७६. ही तडजोड एच.ओ.त पत्करावीच लागते, मला ती खटकत नाही.

पुण्यात असाल तर कोथरूडचं जोशी लघुरेल्वे संग्रहालय बघून या, एच.ओ. डोळ्यांना केवढं दिसतं ते कळेल. मात्र फळी निवडलीत तर पैसे वाचवायला कंट्रोलर हलका घेऊ नका. वाघिणी आठाऐवजी पाच घ्या, पण इंजिन मुंगीच्या पावलांनी हलेल असाच कंट्रोलर घ्या.