हॅसलब्लाड ५००सीएम की मामिया आरबी६७? दोन्ही वापरल्यावर माझं मत

मीडियम फॉरमॅट (३५ एमएमपेक्षा मोठ्या निगेटिव्हचा फिल्म कॅमेरा) घ्यायचाय, कुठला घेऊ, असं बरेच जण विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. माझी आरबी६७ प्रो-एस स्वतःची आहे, हॅसलब्लाड मित्राची, पण ती जवळजवळ वर्षभर माझ्याकडेच होती त्यामुळे दोन्हीचे भरपूर रोल काढून झालेत.

रोल दोन्हीला तोच, १२०. हॅसलब्लाडवर सहा बाय सहा सेंटीमीटरचे १२ फोटो, आरबीवर सहा बाय सातचे १०. दोन्ही पूर्ण मेकॅनिकल, सेल लागतच नाही, आणि आपल्याकडे हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ब्रॉनिकाची एसक्यू सिरीज स्वस्तात मिळते, लेन्सही छान, पण शटर इलेक्ट्रॉनिक आहे, आतला बोर्ड गेला की दुरुस्त करणारा शोधत बसा. पेंटॅक्स ६७ हातात धरून शूट करायला मस्त, पण त्यालाही सेल लागतो आणि फ्लॅश सिंक (फ्लॅश शटरशी जुळतो तो स्पीड) फक्त १/३० सेकंदाला, म्हणजे उन्हात फ्लॅश मारून पोर्ट्रेट काढायचं असेल तर विसरा. हॅसलब्लाड आणि आरबी या दोघांचं शटर लेन्समध्येच असल्यामुळे फ्लॅश कुठल्याही स्पीडला चालतो, हॅसलब्लाडवर १/५०० पर्यंत, आरबीवर १/४०० पर्यंत.

हॅसलब्लाड घेऊन मी दिवे घाटात वारीला गेलो होतो. बॉडी, ८० एमएमची प्लॅनार लेन्स आणि बॅक (मागे रोल बसतो तो डबा) मिळून दीडेक किलो, गळ्यात अडकवून दिवसभर चाललो तरी मान दुखली नाही. वरून खाली बघून फोटो काढायचा असतो ना, त्यामुळे समोरच्याला कॅमेरा रोखल्यासारखं वाटत नाही, आपली मान खाली झुकलेली असते, माऊली माऊली म्हणत लोक जवळून जात राहतात, कुणी पोझ देत नाही. फक्त काचेवर डावं-उजवं उलटं दिसतं, दिंडी उजवीकडे जाताना आत डावीकडे जाते आणि कॅमेरा नेमका चुकीच्या बाजूला वळतो, हाताला सवय व्हायला मला तीन रोल लागले.

आरबी वारीत नेणं मला तरी जमणार नाही, लेन्स-बॅक धरून पावणेतीन किलोच्या आसपास जाते. पण साताऱ्याला आजीचे फोटो काढले ते आरबीनेच. ओट्यावर गहू निवडत बसली होती, मी ट्रायपॉड लावला, उभी फ्रेम हवी होती तर फक्त बॅक फिरवली, कॅमेरा आडवा करायची गरजच नाही. फोकस भात्यावर (लेन्स पुढे-मागे नेणारी घडीची नळी) होतो त्यामुळे वेगळं काही न लावता तिच्या हातांच्या अगदी जवळ जाता आलं (भाता जास्त ताणला की एक्स्पोजर वाढवावं लागतं, त्याची स्केल बाजूलाच दिलीय, ती वाचा, मी पहिल्या रोलला वाचली नाही आणि सगळं अंडर, म्हणजे कमी उजेडाचं आलं). एचपी५ या ब्लॅक-अँड-व्हाइट रोलवर काढलं, घरीच डेव्हलप केलं, निगेटिव्ह उजेडावर धरली तर तिच्या बोटांच्या भेगा नुसत्या डोळ्यांनी दिसत होत्या. ३५ एमएमच्या साडेचारपट मोठी निगेटिव्ह म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

आता जुना माल घेताना. लेन्स मोबाईलच्या टॉर्चवर आरपार धरून बघाच, कोकण-मुंबईच्या दमट हवेत फंगस (काचेवर बुरशीची जाळी) पटकन लागतो. माझी पहिली ९०ची लेन्स मी घाईत तशीच घेतली, दुकानदार धूळ आहे म्हणाला, ती जाळी निघाली आणि पैसे गेले. हॅसलब्लाडची बॅक घेताना बाहेरचा नंबर आणि आतल्या इन्सर्टचा (रोल ज्यावर बसवतात तो भाग) नंबर जुळतोय का बघा, डार्क स्लाइडच्या (बॅक काढताना फिल्म झाकणारी पट्टी) खाचेतून लाइट लीक होत असेल तर घाबरू नका, सील स्वस्तात बदलतात. आणि बॉडी, लेन्स दोन्ही कॉक केल्याशिवाय (शटर ताणून तयार ठेवल्याशिवाय) लेन्स कधीच लावू-काढू नका, जॅम होते.

एकच घ्यायची आणि घरात, स्टुडिओत माणसं काढायची असतील तर डोळे झाकून आरबी, पैसेही हॅसलब्लाडपेक्षा बरेच कमी लागतात. फिरणार असाल तर हॅसलब्लाड, आणि तेवढं बजेट नसेल तर थांबू नका, चांगली याशिका मॅट १२४जी बघा, लेन्स बदलता येत नाही पण तीही सहा बाय सहाच, रोल तोच आणि वजन एक किलोच्या आसपास.