केगल (लघवी निसटू नये म्हणून खालच्या स्नायूंचा व्यायाम) घरीच करायचं की फिजिओकडे (फिजिओथेरपिस्टकडे) जाऊन शिकायचं?
आपल्या सोलापुरात नळाला पाणी आलं की घागर उचलायची आणि तेवढ्यात थोडी लघवी निसटते, खोकलं शिंकलं तरी तेच, कितीजणींना होतं पण कुणी बोलत नाही म्हणून लिहितेय. व्यायाम दोन्हीकडे एकच, लघवी आणि गॅस अडवल्यासारखे खालचे स्नायू आत-वर ओढायचे अन सोडायचे.

घरी केलं तर खर्च नाही, भाकरी थापताना पण होतं. पण बऱ्याचजणी आत ओढायच्या ऐवजी खाली जोर लावतात नाहीतर नुसत्या मांड्या आवळतात, श्वास धरतात, मग महिन्यात फरक नाही म्हणून सोडून देतात, मी पण तेच केलं होतं.

फिजिओ तपासून सांगते की बरोबर स्नायू आवळतोय का, किती सेकंद धरायचं, आणि वजन उचलायच्या, शिंकायच्या आधी आवळायची सवय लावते. रिक्षा, फी, तपासणीची लाज, हे आहेच.

रोज 3 वेळा, दरवेळी निदान 8 दा आवळायचं, कमीत कमी 3 महिने हे दोन्हीकडे. माझं स्पष्ट मत, आधी फिजिओकडून शिका मग घरी करा. लघवीत रक्त किंवा जळजळ असेल तर आधी डॉक्टरला दाखवा.